फूटभर पाण्यावर चालणाऱ्या लिफ्ट: ला लुव्हिएरच्या कालव्यावर चार दिवस

कालवा म्हटलं की आपल्याला शेताचं पाणी, पाळी आणि आवर्तन आठवतं. बेल्जियमच्या एनो प्रांतात कालवा म्हणजे वाहतुकीचा रस्ता. आणि रस्ता म्हटला की चढ-उतार आलेच. म्यूज आणि शेल्ड या दोन नद्यांची खोरी जोडणाऱ्या कॅनाल द्यू सांत्र या कालव्याला ला लुव्हिएर शहराजवळ अवघ्या ७ किलोमीटरमध्ये ६६ मीटर खाली उतरावं लागतं. हा उतार चार जुन्या हायड्रॉलिक बोट-लिफ्ट पार करतात. पाण्याने भरलेला हौद नौकेसकट खाली जातो आणि त्याच वेळी शेजारचा हौद वर येतो. १९९८ पासून या लिफ्ट जागतिक वारसा यादीत आहेत. त्याच परिसरात नौका चढवण्याच्या आणखी दोन पूर्ण वेगळ्या तऱ्हा पाहायला मिळतात. हे सगळं एकामागोमाग, योग्य क्रमाने पाहायचं तर चार दिवस हवेत.

ब्रसेल्सहून ला लुव्हिएर रेल्वेने तासाभरावर आहे. मुक्काम तिथे करा किंवा मोन्समध्ये. मोन्स जास्त देखणं आहे, पण सकाळचा वेळ वाचवायचा तर ला लुव्हिएर बरं. आम्ही गेलो तो सप्टेंबर होता. दुपारी १८ अंश, सकाळी धुकं, आणि रोज एक तरी सर.

पहिला दिवस: वरून खाली, पायी

सुरुवात उदें-गोन्यीच्या लिफ्ट क्रमांक १ पासून करावी. ही शहराच्या कडेलाच आहे आणि चौघींत सर्वात वर. इथून त्यू गावातल्या चौथ्या लिफ्टपर्यंत कालव्याकाठची वाट सपाट, बहुतेक सावलीची आहे. पूर्वी या वाटेवरून घोडे आणि माणसं नौका ओढत. आता ती पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची आहे. अंतर ७ किलोमीटर, पण प्रत्येक लिफ्टपाशी थांबत गेलात तर पाच तास धरा.

पहिली लिफ्ट ४ जून १८८८ रोजी राजा दुसरा लिओपोल्ड याच्या हस्ते सुरू झाली. तिची चढण १५.४० मीटर, उरलेल्या तिघींची प्रत्येकी १६.९३ मीटर. त्या तिघी पूर्ण होऊन अख्खा कालवा खुला व्हायला १९१७ साल उजाडलं, तेही पहिल्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. कल्पना एडविन क्लार्क या इंग्रज अभियंत्याची. त्याने १८७५ मध्ये इंग्लंडमधल्या अँडरटनला अशीच लिफ्ट उभी केली होती, लहान नौकांसाठी. इथलं लोखंडकाम सरँच्या कॉकरिल कारखान्याचं.

प्रश्न असा पडतो की साधी लॉक का नाही बांधली? दोन दारांमध्ये नौका घ्यायची, पाणी सोडायचं किंवा भरायचं, ही पद्धत तर शेकडो वर्षं चालत आली होती. अडचण पाण्याचीच होती. हा भाग दोन खोऱ्यांमधला उंचवटा आहे आणि वर पाणी कमी. ४० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंचीच्या एका लॉकमधून नौका उतरवली की ८०० घनमीटर पाणी खाली जातं. शिवाय ६६ मीटरसाठी अशी सोळा-सतरा लॉक हवीत, आणि नौकावाल्याचा आख्खा दिवस त्यातच जायचा.

लिफ्टला किती लागतं? लोखंडी पुलावर उभं राहून खाली पाहताना तिथल्या चालकाने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली, मग अजून थोडं वर. फूटभर. ३० सेंटिमीटर. हौद ४३ मीटर लांब आणि ५.८ मीटर रुंद, म्हणजे फूटभर जादा पाणी साधारण ७५ टन भरतं. तेवढ्यावर ही लिफ्ट चालते.

तिची रचना पारड्यांसारखी आहे. प्रत्येक हौदाच्या पोटाखाली मधोमध एकच दट्ट्या, २ मीटर व्यासाचा, पोकळ बिडाचा. तो जमिनीत गाडलेल्या सिलिंडरमध्ये खाली-वर होतो. दोन्ही सिलिंडर एका नळाने जोडलेले, नळावर एक झडप. वरच्या हौदात फूटभर जास्त पाणी घेतलं की तो जड होतो. झडप उघडली की तो खाली येऊ लागतो, त्याच्या सिलिंडरमधलं पाणी नळातून दुसरीकडे ढकललं जातं आणि दुसरा हौद वर उचलला जातो. खाली पोचल्यावर जादा पाणी खालच्या कालव्यात सुटतं.

मग नौकेचं वजन? इथेच बहुतेक पाहुणे अडखळतात. ३०० टनांची नौका हौदात शिरली तरी हौद एक किलोनेही जड होत नाही. नौका आत येताना आपल्या वजनाइतकं पाणी हौदाबाहेर, कालव्यात ढकलते. भरलेली नौका एका हौदात आणि दुसऱ्यात नुसतं पाणी असलं तरी पारडी समतोल राहतात. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळेच पाठ करतात. इथे तो हजार टनांच्या हौदाने पटतो.

हजार टन हे अंदाजे एका भरलेल्या हौदाचं वजन आहे, आणि ते सगळं त्या एका दट्ट्यावर. म्हणजे सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या तीसपटीहून अधिक, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या पंधरापट. अँडरटनला १८८२ मध्ये नेमका हाच घोटाळा झाला होता. एक बिडाचा सिलिंडर फुटला आणि नौकेसकट हौद खाली आला. पाणी भोकातून सावकाश निसटत गेलं म्हणून माणसं वाचली. इथल्या सिलिंडरना म्हणून बाहेरून पोलादी कडी बसवलेली आहेत. बैलगाडीच्या चाकावर तापवून धाव चढवतात, ती गार होताना चाकाला आवळते, तेच तत्त्व. ही कडी जमिनीखाली आहेत, त्यामुळे पाहायला मिळत नाहीत. लिफ्टच्या आराखड्यात मात्र जरूर शोधा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लिफ्टच्या मध्ये पाऊस आला. आडोसा नाही, छत्रीपेक्षा पावसाळी जाकीट उपयोगी, कारण वारा कालव्याच्या लांबीने वाहतो. खाण्याचं बरोबर ठेवावं. वाटेत दुकानं फार नाहीत आणि रविवारी जी आहेत तीही बंद असतात.

चौथ्या लिफ्टपाशी उभं राहून मागे वळलं की शेतांच्या पलीकडे एक काँक्रीटची अवाढव्य इमारत दिसते. खिडक्या कमी, माथा रुंद. ती उद्या नाही, परवा पाहायची. त्यूला रेल्वेचं छोटं स्टेशन आहे, तिथून परत ला लुव्हिएर किंवा मोन्स गाठता येतं.

दुसरा दिवस: हौदाच्या आत

पर्यटकांसाठीच्या नौका हंगामात, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, चालतात. जागा आधी राखून ठेवा आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या. सव्वाशे वर्षांची यंत्रणा आहे. देखभालीसाठी एखादी लिफ्ट बंद असली तर फेरीचा मार्ग बदलतो.

नौका 'इटालियनांची कँटीन' या जागेजवळच्या धक्क्यावरून निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या कोळशाच्या खाणींना माणसं मिळेनात, तेव्हा जून १९४६ मध्ये बेल्जियमने इटलीशी करार केला: इटलीने ५०,००० कामगार पाठवायचे, बेल्जियमने कोळसा द्यायचा. अशा इटालियन कामगारांच्या राहण्याच्या बराकी म्हणजे ही कँटीन. आमच्या बाकावरच्या आजीबाईंचे वडील असेच आलेले. त्या वाटेवरचा प्रत्येक पूल नावानिशी सांगत होत्या.

पूल हा या फेरीचा अनपेक्षित आनंद. कालव्यावर गावरस्त्यांचे फिरते आणि उचलते पूल आहेत. नौका जवळ आली की कर्मचारी पुढे जाऊन फाटक लावतो आणि पूल बाजूला करतो. मोटारी थांबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही.

लिफ्टमधला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. जागा मिळाली तर नौकेच्या मागच्या टोकाला उभे राहा, म्हणजे दारं दिसतात.

नौका हौदात शिरते. दोन्ही बाजूंना हातभर अंतर. दोर बांधले जातात. मग मागे दोन दारं एकत्र खाली येतात, एक कालव्याचं आणि एक हौदाचं. त्या दोघांमध्ये चिंचोळी फट उरते, तीत अडकलेलं पाणी काढून टाकतात आणि फटीभोवतीचा घट्ट दाबलेला जोड मोकळा करतात. त्यानंतरच हौद हलू शकतो. तो फूटभर जादा पाण्याचा हिशेब आधीच झालेला असतो: वरचा हौद कालव्याच्या पातळीपेक्षा जरा खाली थांबवलेला असतो, त्यामुळे दार उघडताच कालवा स्वतःच त्यात भर घालतो. पंप लागत नाही.

झडप उघडल्याचं कळतं ते आवाजाने. पायाखालून खोल, लांब सुस्कारा येतो. मग शेजारचा हौद वर येताना दिसतो, दोन्ही एका उंचीला येतात, आणि तो डोक्यावरून निघून जातो. दोन-तीन मिनिटं, बस. हादरा नाही. हौदाच्या सांध्यांमधून पाण्याच्या धारा पडत असतात; त्या पाहून घाबरायचं कारण नाही, सगळ्या जोडांतून थोडं झिरपतंच. ही गळती भरून काढायला आणि हौद अगदी अचूक पातळीला आणायला दाबाखालचं पाणी साठवून ठेवलेलं असतं.

ते कुठून येतं हे तिसऱ्या लिफ्टच्या यंत्रघरात कळतं. वरच्या कालव्यातलं पाणी १६ मीटर खाली पडताना टर्बाइन फिरवतं, टर्बाइन पंप चालवतात, पंप पाणी दाबाने साठ्यात भरतात. साठा म्हणजे उभा सिलिंडर आणि त्यावर प्रचंड वजन ठेवलेला दट्ट्या. कोळशाच्या पट्ट्यात, कोळसा वाहण्यासाठी बांधलेली ही लिफ्ट चालायला स्वतः कोळसा मागत नाही. पितळी नळ आणि तेलाचा वास असलेली ही खोली आम्हाला पूर्ण सहलीत सर्वात आवडली. इथे अर्धा तास जास्तीचा ठेवा. फरशी तेलकट असते, चामड्याच्या तळव्याचे बूट घालू नका.

काय बिघडतं? सर्वात धोक्याची वेळ दारांची. हौद आणि कालवा जोडलेले असताना, नौका अर्धी आत अर्धी बाहेर असताना, हौद हलता कामा नये. जानेवारी २००२ मध्ये पहिल्या लिफ्टवर नेमकं तेच झालं. हौद हलू लागला, नौका अडकली, लोखंडकाम वाकलं आणि लिफ्ट कित्येक वर्षं बंद राहिली. म्हणूनच फेरीत दारांपाशी चालक घाई करत नाहीत, आणि तुम्हीही त्यांना त्या वेळी प्रश्न विचारू नका.

दुपारी ब्वा-द्यु-ल्युक. हे कालव्यापासून जवळच, उदें-एमरीत आहे. इथली खाण कंपनी १६८५ ची. खाण १९७३ मध्ये बंद झाली. एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या चार चौकोनी ओळी अजून राहत्या आहेत, आणि खाणीच्या तोंडाशी असलेली जड लोखंडी दारंही जागेवर आहेत. कालवा कुणासाठी होता हे इथे समजतं.

जेवणाबद्दल एक सूचना शाकाहारींसाठी. बटाट्याच्या फ्राईज इथे दोनदा तळतात, आणि पुष्कळ टपऱ्यांत ते तळण गाईच्या चरबीत असतं. आधी विचारा, टपरीवाले मोकळेपणाने सांगतात. वनस्पती तेलात तळणारी टपरी मिळाली तर सोडू नका. चीजचे क्रोकेट्स आणि भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, पण सूप मांसाच्या पाण्यात उकळलेलं असू शकतं, तेही विचारा. गोडात तपकिरी साखरेचा टार्ट घ्या. गुळाच्या जवळ जाणारी चव आहे.

तिसरा दिवस: काँक्रीटचा डोंगर

जुन्या लिफ्टमधून ३०० टनांच्या आसपासच्या नौका जात. युरोपातल्या मोठ्या कालव्यांवर १,३५० टनांची नौका हे माप ठरल्यावर कॅनाल द्यू सांत्र मागे पडला. १९८२ मध्ये नवी लिफ्ट बांधायला घेतली आणि ती २००२ मध्ये खुली झाली. हीच ती स्त्रेपी-त्यूची इमारत. चार जुन्या लिफ्टचं काम ती एका दमात करते: ७३.१५ मीटर. २०१६ मध्ये चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणावरची ११३ मीटरची लिफ्ट सुरू होईपर्यंत जगात याहून उंच बोट-लिफ्ट नव्हती.

इथे दट्ट्या नाहीत. ७३ मीटर उचलायचं तर दट्ट्या तितकाच लांब हवा, आणि त्याला गिळायला जमिनीत तितकाच खोल सिलिंडर. तो नाद सोडून दोर आणि प्रतिभार वापरले आहेत. प्रत्येक हौद ११२ मीटर लांब, १२ मीटर रुंद. पाण्यासह ७,२०० ते ८,४०० टन. तो ८५ मिलिमीटर जाडीच्या ११२ पोलादी दोरांना टांगलेला आहे आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचे ठोकळे आहेत. आणखी ३२ दोर हौद चालवायला. मोटारींना फक्त घर्षण आणि पाण्याच्या पातळीतला थोडा फरक सांभाळायचा असतो.

जुन्यापेक्षा एक मोठा फरक म्हणजे इथले दोन हौद एकमेकांना बांधलेले नाहीत. प्रत्येकाचे प्रतिभार वेगळे. एक बंद पडला तरी दुसरा चालतो, आणि खालून नौका येईपर्यंत वरच्याला थांबावं लागत नाही. त्या बदल्यात विजेवर अवलंबून राहावं लागतं.

हौद वर यायला सात मिनिटांच्या आसपास लागतात. नौका शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत मात्र पाऊण तास धरा. पाहुण्यांच्या मजल्यावरून दोर मोठ्या चाकांवरून सरकताना दिसतात. धुकं असेल तर सकाळी वर जाण्यात अर्थ नाही. आम्हाला साडेअकरापर्यंत खाली काहीच दिसलं नाही. मग दहा मिनिटांत पडदा उठावा तसं सगळं खोरं उघडलं आणि चार जुन्या लिफ्टची झाडीतली ओळ दिसली. पहिल्या दिवशी चाललेली वाट वरून ओळखता येते, म्हणून ही इमारत आधी पाहू नका.

वरच्या पातळीवरून कालव्याकाठाने चालत निघालात की सार्तचा पाणपूल लागतो. ४९८ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, वजन ६५,००० टन, ३ मीटर जाडीच्या २८ खांबांवर. यावरून नौका जातात, आणि खाली मोटाररस्त्यांचा गोल चौक आहे. आधी खाली जाऊन रस्त्यावरून पाहा, मग वर या. खालून कळतं की डोक्यावर अख्खा कालवा आहे. वरून तो साधा, शांत कालवा वाटतो. इथेही आर्किमिडीज: वरून १,३५० टनांची नौका गेली म्हणून खांबांवर तेवढा भार वाढत नाही. भरगच्च मोटारींच्या पुलाला ही सवलत नसते.

चौथा दिवस: उतारावरून

रोंकिएर ब्रसेल्स-शार्लरुआ कालव्यावर आहे. ला लुव्हिएरहून सेनेफमार्गे कालव्याकाठी सायकलने २० किलोमीटरच्या आसपास. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. परतीला एकोसीन किंवा ब्रेन-ल-कोंत स्टेशन गाठून रेल्वे धरावी. आम्ही तसंच केलं आणि पावसातही चुकल्यासारखं वाटलं नाही.

इथे १९६८ पासून हौद उतारावर चाकांवरून चालतो. लांबी १,४३२ मीटर, उतार ५ टक्के, उंचीतला फरक ६७.७३ मीटर. पूर्वी या टप्प्यात १४ लॉक होती. हौद ९१ मीटर लांब आणि त्याला ७० सेंटिमीटर व्यासाची २३६ चाकं. त्याचा ५,२०० टनांचा प्रतिभार त्याच रुळांच्या मधल्या चरातून, हौदाच्या पोटाखालून उलट दिशेने जातो. दोघे मधल्या टप्प्यावर एकमेकांना ओलांडतात, तो क्षण उतारालगतच्या वाटेवरून छान दिसतो.

सुटताना आणि थांबताना हौद फार हळू वेग बदलतो. उभ्या लिफ्टमध्ये पाणी फक्त वर-खाली जातं, पण इथे हौद लांबीच्या दिशेने सरकतो. झटका बसला तर पाणी एका टोकाला चढेल, लाट परत येईल आणि नौकेचे दोर तुटतील. म्हणून वेग सेकंदाला १.२ मीटर, चालण्याच्या गतीचा, आणि प्रवास सुमारे २२ मिनिटांचा. एका मालवाहू नौकेवरचा माणूस तेवढ्या वेळात खुर्ची टाकून बटाटे सोलत होता.

माल वाहतूक आठवड्याच्या दिवशी जास्त असते. रविवारी इथे आलात तर रिकामे रूळ पाहून परतायची तयारी ठेवा.

दिवस एकच असेल तर? स्त्रेपी आणि रोंकिएर दोन्ही सोडा. सकाळी पहिल्या लिफ्टपाशी या, नौकाफेरी मिळाली तर घ्या, यंत्रघर पाहा आणि उरलेली वाट चौथ्या लिफ्टपर्यंत चाला. त्यूहून संध्याकाळची गाडी पकडण्याआधी वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवा. छोट्या स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत.